बाटली इथली, नाव तिकडचे

परदेशी बिअर आपल्याकडे येते ती बहुतेक वेळा नावापुरतीच. फॉस्टर्स हे ऑस्ट्रेलियाचे नाव, पण त्या नावाची बिअर मराठवाड्यात, तेव्हाच्या औरंगाबादेत, तयार होत असे. बडवायझर २००७ मध्ये भारतात आली आणि तीही इथल्याच कारखान्यात बनू लागली. पाणी इथले, कामगार इथले, पिणाराही इथलाच. याच मराठवाड्यात २०१६ च्या दुष्काळात मद्य कारखान्यांचे पाणी कापण्याचा आदेश उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला द्यावा लागला होता. मग परदेशातून आले ते काय? केवळ नाव. आणि ज्या वस्तूत नावच विकायचे असते, तिचा खरा कारखाना जाहिरात हाच असतो.

या कंपन्यांच्या दृष्टीने भारत ही एक बाजारपेठ नाही. मद्य हा राज्यघटनेने राज्यांकडे सोपविलेला विषय. कर निराळे, लेबलची मंजुरी निराळी, विक्रीची व्यवस्था निराळी. तामिळनाडूत २००३ पासून किरकोळ विक्री सरकारी महामंडळच करते. बिहारमध्ये २०१६ पासून दारूबंदी आहे, तर गुजरातमध्ये राज्याच्या स्थापनेपासून. आपल्याच राज्यात वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे आहेत. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. थोडक्यात, बाटलीला प्रत्येक वेशीवर थांबावे लागते. नावाला मात्र कोणतीच वेस आडवी येत नाही. क्रिकेटच्या सामन्यात झळकलेले बोधचिन्ह पुण्यात दिसते, तसेच ते पाटण्यात आणि वर्ध्यातही दिसते. जिथे बाटली विकणे गुन्हा आहे, तिथेही तिचे नाव घरोघर पोहोचते.

कायदा नाही काय? आहे. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ अन्वये मद्याची प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरात निषिद्ध आहे. यावर कंपन्यांनी काढलेली पळवाट सर्वांना परिचित आहे. त्याच नावाचा सोडा, त्याच नावाचे बाटलीबंद पाणी, त्याच नावाचा संगीताचा कार्यक्रम! पुण्यात २०१० मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या संगीत महोत्सवाच्या नावापुढे पुढे बकार्डी या रमचे नाव वर्षानुवर्षे मिरविले गेले. २०१९ मध्ये बडवायझरने मद्यार्कविरहित पेय आणले, तेही मूळ बिअरच्याच नावाने. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी छुप्या जाहिरातींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली, हे स्वागतार्हच होते. पण त्यातच एक परंतुक जोडले गेले. जाहिरात अन्यथा आक्षेपार्ह नसेल, तर निषिद्ध वस्तूचे नाव केवळ वापरले म्हणून तिला छुपी जाहिरात समजू नये, असे ते परंतुक सांगते. जे नाव विकण्यासाठी सारा खटाटोप चालला आहे, तेच नाव कायद्याने मोकळे सोडले. पुढचे दार लावून घेतले आणि मागचे सताड उघडे ठेवले, असा हा प्रकार झाला.

याची झळ कोणाला लागते, हे पाहायचे तर मावळात यावे. तळेगाव दाभाडेलगतचे वराळे हे कालपरवापर्यंत शेतीचे गाव. आज तेथे अभियांत्रिकी शिक्षणाचे संकुल उभे आहे आणि राज्याच्या कानाकोपऱ्यातून आलेली मुले तेथे शिकतात. महाराष्ट्रात सौम्य बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आणि कडक मद्यासाठी २५ वर्षांची. म्हणजे घर सोडून आलेल्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलाला बिअर देणे हा गुन्हा, पण तिचे नाव त्याच्यासमोर दिवसातून दहा वेळा आणणे हा कायदेशीर व्यवसाय! सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांवरील मद्यविक्रीचे फलक व जाहिराती काढण्याचा आदेश दिला. मुंबई-पुणे रस्ता ज्या मावळातून जातो, त्या मावळाला या आदेशाचे मोल कळते. परंतु आता फलक मुलाच्या खिशातील मोबाईलमध्ये आहे आणि तो उतरवायला कोणी येत नाही.

यावर आक्षेप ठरलेला आहे : सज्ञान माणसाने काय प्यावे, हे इतरांनी का ठरवावे? आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे, पण तो येथे लागू होत नाही. प्रश्न पिण्याचा नसून भुलविण्याचा आहे. ज्याला हवे आहे, त्याला दुकान ठाऊक असते. जाहिरात लागते ती ज्याला अजून नको आहे त्याच्यासाठी. शिवाय घटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या सेवनास आळा घालण्याची दिशा राज्याला घालून दिलेली आहे.

फ्रान्स हा काही मद्यद्वेष्टा देश नव्हे, वाईन तर त्याचा अभिमानाचा विषय. तरीही तेथे १९९१ च्या कायद्याने मद्याच्या जाहिरातीवर कडक निर्बंध आणले. युरोपातील प्रसिद्ध 'हाईनेकेन कप' ही रग्बी स्पर्धा तेथे केवळ 'एच कप' म्हणून ओळखली जाई. फ्रेंचांनी जाहिरातीतील वस्तू न पाहता नाव पाहिले. आपण नेमके हेच केलेले नाही.

म्हणून मागणी सरळ आहे. २०२२ च्या तत्त्वांमधील ते परंतुक रद्द व्हावे. जे नाव मुख्यतः मद्यासाठी ओळखले जाते, ते सोड्यावर असो, पाण्यावर असो वा मैदानावर, त्याची जाहिरात मद्याचीच मानली जावी. कायदा बदलेपर्यंत आपणही हात बांधून बसण्याचे कारण नाही. छुपी जाहिरात दिसताच १९१५ या ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. गणेशोत्सव मंडळांनी आणि महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांनी असे प्रायोजकत्व नाकारावे. गावात दुकानच नको असेल, तर मतदानाने बाटली आडवी करण्याचा अधिकार महाराष्ट्रातील महिलांना आहे आणि अनेक गावांतील भगिनींनी तो बजावूनही दाखविला आहे. गावाच्या वेशीवर बाटली अडविणाऱ्या या भगिनींच्या घरात तिचे नाव मात्र राजरोस शिरत असेल, तर त्यांच्या कष्टांचे मोल आपण राखले नाही, असेच म्हणावे लागेल.