पोराला कोणी विचारले काय?

गेल्या आठवडी बाजारात एक आबा भेटले. बैलजोडी विकून लिंबाखाली बसले होते. आम्ही सहज विचारले, "आबा, थोरला काय करतोय?"

"पुण्यात असतोय."

"तिथं काय करतोय?"

"अभ्यास."

"कशाचा?"

"साहेब व्हायचा."

"किती वरसं झाली?"

"औंदा सहावं."

आबा गप्प झाले, आम्हीही गप्प झालो. बैलांचे पैसे कोठे निघाले होते हे विचारण्याची गरजच नव्हती. खोलीचे भाडे, खानावळ, क्लासची फी, अभ्यासिकेची फी! उठता उठता आबा म्हणाले, "बारा वरसांचा असताना विहिरीवरची मोटार खोलून पुन्हा जोडायचा. शिकवलं कुणी न्हाई. हात लई गुणाचा. आता मोटार जळली की मीच तालुक्याच्या मिस्तरीच्या पाया पडतोय."

"मग त्याला त्याच कामात का घातला नाही?"

"भावकीत काय तोंड दाखवू?"

वाचकहो, आमच्या समाजाचे सारे दुखणे या एका वाक्यात आहे. बैल घेताना आम्ही दात पाहतो, चाल पाहतो, खांदा पाहतो. पेरणीपूर्वी रान काळे की मुरमाड हे पाहतो. मुरमाड माळावर ऊस लावणाऱ्यास गाव हसते. आणि पोटच्या पोराला जन्मभराच्या कामास जुंपताना मात्र त्याचा कल कोठे आहे, त्याला काय हवे आहे, हे आम्ही पाहात नाही! अमक्याचा पोर फौजदार झाला, मग आमचाही झालाच पाहिजे, एवढाच आमचा विचार.

आता हिशेब मांडू. केंद्राच्या सनदी सेवेच्या २०२३ सालच्या परीक्षेस दहा लाखांवर अर्ज आले. त्यांपैकी सुमारे सहा लाख उमेदवार प्रत्यक्ष बसले आणि निवडले गेले १०१६. म्हणजे सुमारे सहाशेंच्या रांगेत एकास खुर्ची. उरलेल्या पाचशे नव्याण्णवांचे काय? ते सारे मूर्ख होते काय? मुळीच नाही. खुर्च्याच तेवढ्या होत्या! राज्याच्या परीक्षेस खुल्या वर्गास ३८ व मागासवर्गास ४३ वर्षांपर्यंत बसता येते. ही सवलत न्यायाची आहे, यात शंका नाही. परंतु 'अजून वय आहे' म्हणत पोर पंचविशीतून पस्तिशीत जातो. मग ना नोकरी, ना हुन्नर, ना शेतीची सवय, अशी त्याची गत होते. क्लासवाल्यांचे काय बिघडते? निवडलेल्या एकाची तसबीर ते चौकात टांगतात. न निवडलेल्यांच्या तसबिरी टांगायच्या तर पुण्याच्या साऱ्या पेठांच्या भिंती पुरणार नाहीत.

याचा अर्थ आम्ही सरकारी नोकरीचे वैरी आहोत असा कोणी करू नये. कचेऱ्या एकाच जातीने भरल्या होत्या, म्हणून तर शाहू महाराजांनी १९०२ साली करवीर दरबारात निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. ज्याच्या अंगी कायदा, कारभार व लोकांचे गाऱ्हाणे ऐकण्याची आवड आहे, त्याने त्या खुर्चीवर हक्काने जावे. त्याला आम्ही पदराचे पैसे घालून पाठवू. आमचे म्हणणे एवढेच की, ज्याला कागदाचा कंटाळा व यंत्राचे वेड, त्याला केवळ भावकीच्या मिशीसाठी कागदाशी बांधू नका.

येथे काही शहाणे लागलीच पुढे सरसावतील. ते म्हणतील, "आम्ही तरी दुसरे काय सांगत होतो? कुंभाराच्या पोराने चाक फिरवावे, चांभाराच्या पोराने जोडा शिवावा, यातच कल्याण!" थांबा महाराज! तुमचे कल्याण आम्हांस ठाऊक आहे. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींच्या सरकारने असलेच कल्याण आरंभिले होते. खेड्यातील मुलांनी दिवसातून तीन तास शाळेत बसावे व उरलेला वेळ बापाचा धंदा शिकावा, अशी ती योजना. तेथील ब्राह्मणेतर जनतेने ओळखले की, ही जातीची बेडी शाळेच्या दारातून परत येत आहे. रान उठले आणि १९५४ साली योजना गुंडाळावी लागली. शिवाय, हातकामाचे गोडवे गाणारे हे गृहस्थ आपल्या पोरांस कोठे घालतात? परदेशच्या कॉलेजात!

जन्मावरून धंदा ठरविणे हे जसे जू, तसेच भावकीच्या तोंडाकडे पाहून धंदा ठरविणे हेही जूच. पहिले दुसऱ्यांनी आमच्या मानेवर ठेवले; दुसऱ्यात आम्ही आपण होऊन मान घातली. पोराला विचारले कोणीच नाही.

आपला पिंड ओळखून चालणारे काय करू शकतात ते पाहा. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार होण्यास मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. तेथे कळले की, आपल्या डोळ्यांस काही रंग नीट ओळखता येत नाहीत. मग त्यांनी रंग सोडून यंत्रांची रेखाटने धरली, ती शिकविण्याची नोकरी केली, पुढे तीही सोडून बेळगावास सायकलींचे दुकान काढले आणि अखेर लोखंडी नांगर घडविला. १९१० साली उजाड माळावर त्यांची किर्लोस्करवाडी उभी राहिली. जातीने ब्राह्मण, पण लोखंड हाती धरताना त्यांस लाज वाटली नाही. आणि आमच्या लोहाराचा पोर बापाचा भाता पाहुण्यांपासून लपवितो!

तेच नांगर गावोगाव हिंडून खपविण्याचे काम भाऊराव पाटलांनी केले. शाळेच्या पुस्तकात त्यांचे मन कधी फारसे रमले नाही. परंतु माणसांत मिसळणे, त्यांस पटविणे, त्यांच्याकडून काम उभे करणे हा त्यांचा पिंड. त्याच गुणावर त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि 'कमवा व शिका' म्हणत गोरगरिबांच्या पोरांस विद्येच्या दारी नेले. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री कारागिराच्या घरचे. हात कसबी आणि डोळा चित्रकाराचा. त्यांनी स्वतः कॅमेरा घडविला आणि १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट लोकांपुढे आणला. जग त्यांस बाबूराव पेंटर म्हणते. बापाचे कसब त्यांनी टाकले नाही, पण बापाच्या उंबऱ्याशी ते थांबलेही नाहीत.

तेव्हा आईबापांनो, पोराला खर्चात घालण्यापूर्वी चार गोष्टी करा. कोणी न सांगता ते कशात रमते, हे वर्षभर पाहा. कोणी हिशेबात रमते, कोणी जनावरांत, कोणी बोलण्यात, कोणी पाना-पक्कडीत. मग त्याला विचारा की, गावात राहायचे आहे की बाहेर जायचे? ठरलेला पगार हवा की स्वतःचा धंदा? त्यानंतर ते काम करणाऱ्या माणसाजवळ त्याला महिनाभर ठेवा. फौजदाराची टोपी सर्वांस दिसते, रात्रीचा बंदोबस्त कोणास दिसत नाही. आणि परीक्षेच्याच वाटेस जायचे असेल तर दोन किंवा तीन वर्षांची मुदत आधीच ठरवा, व दुसरी वाट त्याच दिवशी आखून ठेवा.

दुसऱ्या वाटा नाहीत असे नव्हे. आयटीआयमध्ये वेल्डरचे काम एका वर्षात, फिटर व इलेक्ट्रिशियनचे दोन वर्षांत शिकता येते. पुढे पदविकेची वाटही खुली आहे. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठे कोणासाठी आहेत? जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे शेतकऱ्यांच्या मुलांस शाळेत शेतकीचे ज्ञान द्या म्हणून मागणी केली होती. शेतकी ही अडाण्याची हमाली नसून शिकण्याची विद्या आहे, हे त्यांस तेव्हाच कळले होते. आम्हांस मात्र शेतकरी जावईही नको! शेतकऱ्याच्या पोराला मुलगी नाकारणारा बाप स्वतः शेतकरीच असतो, ही केवढी शरमेची गोष्ट!

मुलींचे तर बोलायलाच नको. मुलाला चुकीचे का होईना, काम नेमून देतात; मुलीला 'लग्नानंतर बघू' म्हणतात. तिच्याही हाताला गुण आहे, तिलाही मन आहे. विचारायचे तर दोघांनाही विचारा.

आबा, तुमच्या बैलांचे पैसे अजून पुण्यास पोहोचले नसतील, तर आज रात्री पोराला फोन लावा. रागावू नका, रडू नका. एवढेच विचारा, "बाळा, तुला खरंच काय करायचंय?" तो 'परीक्षाच' म्हणाला, तर मुदत घालून खुशाल पैसे धाडा. 'मोटारीचं दुकान' म्हणाला, तर तेच पैसे दुकानाला लावा. मग भावकीला तोंड दाखविण्याची चिंता करू नका. मोटार जळली की भावकीच तुमच्या दारी येईल!