लिलावाचे सोवळे

'लिलाव' हा शब्द मराठीत पोर्तुगिजांकडून आला. त्याला चिकटलेली नामुष्की मात्र अस्सल देशी आहे. सावकाराने आणलेली जप्ती, अंगणात मांडलेली तांब्यापितळेची भांडी आणि बघ्यांच्या गर्दीत मान खाली घालून उभा राहिलेला कर्ता पुरुष, हे दृश्य आपल्या कथा-कादंबऱ्यांनी आणि चित्रपटांनी इतक्या वेळा रंगवले आहे, की लिलावात जाऊन काही मिळवायचेही असते ही कल्पनाच मराठी मनाला शिवत नाही. पिंपरी-चिंचवड-चाकणच्या पट्ट्यात तर या शब्दाला आणखी एक कळा आहे. येथे लिलाव म्हणजे भंगार. बंद पडलेल्या कारखान्याची लेथ यंत्रे, थकलेल्या कर्जापोटी बँकेने ताब्यात घेतलेला गाळा, आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात छापलेली जाहीर नोटीस. अशा मुलखाने चित्रांच्या आणि पोस्टरांच्या लिलावात उतरावे, तेही सार्वजनिक पैशाने आणि उजळ माथ्याने उतरावे, असे आमचे म्हणणे आहे. त्याला पहिला विरोध उद्योजकांकडून किंवा नगरसेवकांकडून होणार नाही. तो साहित्याच्या मंडळींकडून होईल, म्हणून आधी त्यांच्याशीच बोलतो.

२०२५ च्या सप्टेंबरात सॅफ्रनआर्टच्या लिलावात वासुदेव गायतोंडे यांचे १९७० सालचे एक चित्र ६७.०८ कोटी रुपयांना गेले. गिरगावच्या चाळीत वाढलेला, आयुष्यभर मोजक्या माणसांत राहिलेला आणि २००१ साली जवळजवळ विस्मरणात गेलेला हा चित्रकार. त्याच्या चित्राची ही किंमत ऐकून साहित्यवर्तुळात जो उद्गार निघतो तो ठरलेला असतो: 'कलेचा बाजार झाला.' हा उद्गार काढणाऱ्याला आपण काहीतरी टीकात्मक बोललो असे वाटते. वस्तुतः तो विचार टाळण्याचा मार्ग आहे.

कवितेच्या प्रती कितीही निघू शकतात. संग्रह दोनशे रुपयांना घेणारा आणि ग्रंथालयातून फुकट आणणारा, दोघांच्या हाती तीच कविता असते. चित्राचे तसे नाही. ते एकच असते आणि ज्याच्या भिंतीवर जाते तो ते कोणी पाहावे हे ठरवतो. म्हणजे चित्र कोणी विकत घेतले हा प्रश्न बाजाराचा नसून वाचकाचा, म्हणजेच समीक्षेचा आहे. आपण तो हलका समजून सोडून दिला, तर त्याचे उत्तर देणारे दुसरे लोक तयारच असतात.

शिवाय विक्रमी किमतीच्या बातमीवरून लिलावाविषयी मत बनवणे म्हणजे ज्ञानपीठाच्या बातमीवरून ग्रंथव्यवहाराविषयी मत बनवण्यासारखे आहे. मोठ्या लिलावांच्या यादीचे शेपूट आणि छोट्या, ऑनलाइन लिलावांचे सगळे अंग ज्या गोष्टींचे बनलेले असते, त्यांची बातमी होत नाही: कागदावरची रेखाटने, छापचित्रे, ओलिओग्राफ, सिनेमाची पोस्टरे. यातल्या पुष्कळ वस्तू चाकणला तयार होणाऱ्या एखाद्या मोटारसायकलीच्या किमतीत हातावेगळ्या होतात. आणि गंमत अशी, की त्यातल्या कित्येक मुळात याच परिसरातल्या आहेत.

चिंचवडहून लोणावळ्याची लोकल धरली की तासाभरात मळवली येते. कार्ल्याची लेणी पाहायला जाणारे येथे उतरतात. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत काढलेला शिळाछापखाना प्लेगच्या दिवसांत याच गावी हलवण्यात आला. पुढे तो त्याच्याकडून फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला आणि चालू राहिला. घरोघरच्या लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, दमयंती येथून निघाल्या. १९७२ च्या आगीत या कारखान्याची राखरांगोळी झाली. आज लिलावाच्या यादीत जे ओलिओग्राफ दिसतात, त्यांतल्या अनेकांच्या तळाशी बारीक रोमन अक्षरांत 'रवि वर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा' असा ठसा असतो. म्हणजे आपल्याच लोकल मार्गावर छापलेले चित्र मुंबईच्या, दिल्लीच्या किंवा लंडनच्या संग्राहकाकडे जाते, आणि आपण 'बाजार झाला' म्हणत बसतो.

या ठिकाणी 'कामगाराला चित्र कशाला?' हा नेहमीचा आक्षेप निकालात निघतो. भारतात छापील चित्र सर्वांत आधी ज्यांनी भिंतीवर लावले त्यांत गिरणगावातल्या खोल्या आणि खेड्यातली देवघरे होती. पुण्याच्या चित्रशाळेने १८७८ पासून आणि रविवर्म्याच्या छापखान्याने त्यानंतर जे ग्राहक मिळवले, ते रंगांचे तेलचित्र विकत घेऊ न शकणारे लोक होते. चित्र कामगाराच्या घरी आधी होते. त्याला 'कलाकृती' हे नाव मिळाले आणि मगच ते त्याच्या आवाक्याबाहेर गेले.

घेणाऱ्याला डोळा हवा हे खरे. जुन्या शिळाछापात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड असे, त्यामुळे भिंगाखाली रंगाचे कण ओबडधोबड, विखुरलेले दिसतात. नंतरच्या ऑफसेट पुनर्मुद्रणात ठिपक्यांच्या शिस्तीत उभ्या रांगा दिसतात. पोस्टरांच्या बाबतीत पहिल्या प्रदर्शनाच्या वेळचे पोस्टर आणि वीस वर्षांनी चित्रपट पुन्हा लागला तेव्हा छापलेले पोस्टर, यांत किमतीचा मोठा फरक पडतो. म्हणून तळाचे छापखान्याचे नाव, कागदाचा पोत, घडीच्या रेघा, मागे कापड चिकटवले असेल तर ते कधी आणि का, हे सारे पाहावे लागते. हस्तलिखिताच्या प्रतींची तुलना करून पाठ निश्चित करणाऱ्या मराठीच्या संशोधकाला ही विद्या परकी वाटण्याचे कारण नाही. पाठचिकित्साच आहे ती, फक्त कागद रंगीत.

पोस्टरांची गोष्ट तर आणखी निकडीची आहे. कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांनी आपल्या मूकपटांची पोस्टरे स्वतः रंगवली. त्यांच्या १९२४ च्या 'कल्याण खजिना'चे पोस्टर आज ठाऊक असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांत गणले जाते. प्रभात कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली. जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत प्रभातच्या चित्रपटांसह नायट्रेट फिल्मचा फार मोठा साठा जळाला. फिल्म जळते, पोस्टर खळ लावून भिंतीवर डकवले जाते आणि पावसाळ्यात गळून पडते. अशा स्थितीत जे कागद उरले, ते कोणाच्या तरी कपाटात उरले आणि लिलावाच्या निमित्ताने बाहेर आले. दोन हजारच्या दशकात ओसियान्ससारख्या संस्थेने पोस्टरांना छापील यादीत, सन-संवत आणि मोजमापासह जागा दिली नसती, तर त्यांतली किती रद्दीत गेली असती याचा अंदाज करणे अवघड नाही.

रद्दीचा विषय निघालाच आहे तर तो साहित्याच्या विभागांनी नीट ऐकावा. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' काढला. दलाल आणि रघुवीर मुळगावकर या दोघांनी मिळून दोनतीन पिढ्यांच्या मराठी वाचकाची नजर घडवली. त्यांच्या मुखपृष्ठांचे आपण काय केले? ग्रंथालयात नियतकालिकांचे वर्ष बाइंडिंगला देताना आधी मुखपृष्ठे फाडायची, मग जाहिराती काढायच्या आणि उरलेला 'मजकूर' पुठ्ठ्यात शिवायचा, अशी आपली शास्त्रशुद्ध पद्धत. त्या काळावर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला म्हणूनच कथा मिळते, पण ती कथा कोणत्या चेहऱ्याने घरात आली हे कळत नाही. मूळ चित्रे तर छापखान्यातून परत मागण्याचीही रीत फारशी नव्हती. अशा मुखपृष्ठाचे मूळ जलरंगातले चित्र उद्या लिलावात आले, तर त्याला पहिला सन्मान हातोड्याने दिलेला असेल, विद्यापीठाने नव्हे. बाजाराला नाक मुरडणाऱ्यांनी हे उत्तर आधी द्यावे.

याचा अर्थ लिलावगृहे म्हणजे पुण्यक्षेत्रे आहेत असा नाही. 'गुंतवणूक' म्हणून चित्रे घेण्याचा जो पंथ निघाला, त्याचा अनुभव ताजा आहे. ओसियान्सनेच २००६ मध्ये शंभर कोटींच्यावर रक्कम गोळा करून कलानिधी उभारला. २००९ मध्ये मुदत संपल्यावर गुंतवणूकदारांचे पैसे वेळेवर परत करणे त्याला जमले नाही आणि प्रकरण सेबीपर्यंत गेले. चित्र हे समभागासारखे आज घेऊन उद्या विकता येत नाही, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. हातोडा पडतो त्या किमतीवर लिलावगृहाचे अधिमूल्य चढते, त्यावर कर चढतो, आणि विकायला गेले की पुन्हा दलाली. जो विकण्यासाठी घेतो त्याचे गणित येथेच बिघडते. ज्याला ठेवायचे आहे, त्याला हा एकदाचा खर्च आहे.

आणखी एक गोष्ट, जिच्याविषयी मराठी लेखकांनी कधी आवाज उठवला असता तर बरे झाले असते. आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने ५३-अ हे कलम आले. चित्राची किंवा शिल्पाची मूळ प्रत दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकली गेली, तर त्या किमतीत निर्मात्याचा किंवा त्याच्या वारसाचा दहा टक्क्यांपर्यंत वाटा असू शकतो, असे ते सांगते. आणि त्याच वाक्यात साहित्यकृतीच्या मूळ हस्तलिखिताचाही उल्लेख आहे! व्यवहारात हे कलम कागदावरच राहिले. कोटींच्या विक्रमांवर हळहळणाऱ्या लेखकवर्गाने लिलावावर टीका करायचीच असेल, तर ती येथे करावी; येथे ती कोणाच्या तरी खिशाला लागेल.

आता या पट्ट्याकडे वळू. उद्योग आणि चित्रकला यांची सोयरीक महाराष्ट्रात नवी नाही. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना जागा दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्याच राजाने १९३८ मध्ये औंधला संग्रहालय बांधले, जेथे रविवर्म्याची चित्रे आहेत आणि हेन्री मूरचे एक दगडी 'माता आणि मूल'ही आहे. साताऱ्याच्या एका टेकडीवर हेन्री मूर! लक्ष्मणराव स्वतः जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले होते, रंगांधत्वामुळे त्यांना ती सोडावी लागली; आणि ज्या मासिकाने मराठी वाचकाला आधुनिक केले ते 'किर्लोस्कर' याच नांगरांच्या कारखान्यातून, चित्रकार असलेल्या शं. वा. किर्लोस्करांच्या हातून निघाले. मुंबईत होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या इमारतीच्या खर्चातला एक टक्का चित्रांसाठी मागून घेतला आणि त्या काळच्या तरुण चित्रकारांची कामे माफक किमतीत घेतली. अणुशास्त्रज्ञाला जे सुचले ते आमच्या वाहन उद्योगाला सुचू नये?

कायदा आड येत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात. त्या कामांच्या अनुसूचीत कला, संस्कृती आणि कलाकृतींचे जतन स्पष्ट लिहिलेले आहे, आणि खर्चात कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे असेही. २०२१ च्या नियमांनी अशा पैशातून उभी राहिलेली मालमत्ता सार्वजनिक प्राधिकरणाच्या नावे ठेवण्याची वाट मोकळी केली. म्हणजे पैसा कारखान्याचा, मालकी महापालिकेची, अशी रचना आजच शक्य आहे. सरकारने लिलावात बोली लावावी का, ही शंकाही आता उरलेली नाही: २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या सदबीजमध्ये निघालेली पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत सुमारे ४७ लाख रुपयांत मिळवलीच. आम्हाला त्याचा आनंद आहे. फक्त एवढेच विचारतो, की तलवारीसाठी जी तत्परता दिसते ती कागदासाठी का दिसू नये? २०२० च्या डिसेंबरात प्रिन्सेप्सच्या लिलावात कोल्हापूरच्या भानू अथैय्या यांची चित्रे आली होती. ऑस्करमुळे वेशभूषाकार म्हणून साऱ्या जगाला ठाऊक झालेली ही बाई १९५३ मध्ये प्रोग्रेसिव्ह गटाबरोबर चित्रे मांडत होती, हे आपल्या अभ्यासक्रमांत कोठे आहे?

पिंपरीत २०१६ च्या जानेवारीत एकोणनव्वदावे साहित्य संमेलन झाले. मांडवाच्या थाटाची चर्चा महाराष्ट्रभर झाली. खर्च करायची ऐपत आणि हौस दोन्ही येथे आहे हे सिद्ध झाले. मांडव उतरला की काय उरते, एवढाच मुद्दा आहे. चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात आणि संत तुकारामनगरच्या अत्रे रंगमंदिरात रोज माणसे येतात. पुलांच्या खांबांवर दरवर्षी नव्याने रंग फासण्याऐवजी तेथील भिंतींवर, काचेमागे आणि उन्हापासून दूर, शहराच्या मालकीची शंभर छापचित्रे, पोस्टरे आणि मूळ मुखपृष्ठे लागू शकतात. निवड करायला एक छोटी समिती पुरे, आणि तीत मराठीचे दोन प्राध्यापक असावेत. मात्र त्यांनी बाइंडिंगची सवय बाहेर ठेवून यावे.

सुरुवात कशाने करावी असे कोणी विचारले तर आमचे उत्तर तयार आहे. प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ चा. देहू या शहराच्या शिवेवर आहे. त्या चित्रपटाचे पहिल्या प्रदर्शनाच्या वेळचे पोस्टर लिलावात येईल तेव्हा भिंगाने तपासून घ्यावे, छापील अंदाजाच्या वरच्या आकड्यापलीकडे जायचे नाही हे आधी ठरवून बोली लावावी, आणि तेवढ्यात मिळाले नाही तर पुढच्या यादीची वाट पाहावी.