'ययाति'तल्या दासीला कोणी विचारलं?

वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'वर बोट ठेवलं की आपल्यातलेही काही वाचक दुखावतात. १९५९ची कादंबरी, १९७४चं ज्ञानपीठ, कॉलेजात रात्र जागून वाचलेली. मीही तशीच वाचली. पण यातली कुठली स्त्री राजाला 'नाही' म्हणू शकत होती?

कादंबरीत 'मी' म्हणून बोलतात ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा. शर्मिष्ठा दासी आहे, पण जन्माने वृषपर्व्याची राजकन्या. म्हणून दासी झाल्यावरही तिला आपली बाजू मांडता येते. अलका मात्र दाईची पोर. युवराजाच्या जवळ आली आणि त्याच्या आईने तिला विष देऊन संपवलं. नंतर ती उरते ती ययातिच्या आठवणीत, सोनेरी केस होऊन. मुकुलिका या दासीच्या मनात काय होतं, तेही राजाच सांगणार. बोलायचा हक्क इथेही जन्मानेच ठरतो, बरं का!

"खांडेकरांनी भोगवाद झोडलाच आहे की," असं उत्तर येतं. झोडलाय. पण त्यांच्या लेखी गुन्हा आहे तो असंयमाचा. राजाने स्वतःला आवरायला हवं होतं, एवढंच. दासीला विचारायला हवं होतं, हा मुद्दा येतच नाही.

सोलापुरात बिडी वळणाऱ्या बायांमध्ये काम करताना मी संमती मोजायला एकच माप शिकले: नकार दिला तर तिचं काय बुडतं? माल तपासणाऱ्याने छाट जास्त काढली की मजुरी गेली. अशा माणसासमोरचं हसणं म्हणजे होकार नव्हे.

न्यायालयालाही हे माप सापडलं नव्हतं. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. शरण जाणं म्हणजे संमती नव्हे, असं म्हणत उच्च न्यायालयाने दोन पोलिसांना शिक्षा दिली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणून त्यांना सोडलं. देशभर बाया रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कुठे १९८३ला कायदा बदलला.

आता आपल्या घरातलं. शिबिराची यादी, स्टेजवरचं भाषण, नोकरीची शिफारस ज्याच्या हातात, तो नेता नव्या कार्यकर्तीला रात्री मेसेज करतो आणि वर म्हणतो, "तिची कुठे हरकत होती?" हे आपल्या चळवळीत घडत नाही असं कोणाला म्हणायचं असेल, तर आधी आपल्या बहिणींना विचारून या. मनुस्मृती जाळल्याचा वारसा सांगणाऱ्यांना ही सूट नाही.

पुढच्या शिबिरात 'ययाति' वाचायला घ्या. अलकाची पानं एखाद्या कार्यकर्तीला वाचू द्या, तिला काय वाटतं ते बोलू द्या. नेत्यांनी तेवढा वेळ सतरंजीवर बसून ऐकावं.