वनात गेल्यावर शिकलेली विद्या

राज्य, संपत्ती, बंधू आणि पत्नी द्यूतात हरून वनवासात आलेला युधिष्ठिर काम्यकवनात बृहदश्व ऋषींना विचारतो की, आपल्याहून दुर्दैवी राजा या पृथ्वीवर दुसरा कोणी झाला आहे काय? ऋषी त्याला नलराजाची कथा सांगतात. कथा संपल्यावर ते त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांच्या खेळाचे मर्म, शिकवितात. जी विद्या हस्तिनापुरच्या सभेत हवी होती ती धर्मराजाला वनात मिळाली. नलाचेही तेच झाले. राज्य गमावून, सारथी होऊन दुसऱ्याचे घोडे हाकण्याची वेळ आली, तेव्हा ऋतुपर्ण राजाकडून त्याला ही विद्या मिळाली. व्यासांनी वनपर्वात हे दोन प्रसंग एकापुढे एक ठेवले आहेत, ते उगाच नव्हे.

आज फासे तरुणांच्या खिशात आहेत. तालुक्याच्या गावाहून पुण्यात शिकावयास अथवा नोकरीस आलेला, खोलीवर चौघांसह राहणारा तरुण सकाळी सव्वानऊ वाजता मोबाइल उघडतो. त्यात डिमॅट खाते आहे, बँकेचे खाते आहे आणि पाच मिनिटांत कर्ज देणारे एक अ‍ॅपही आहे. तो ज्याला ‘शेअर बाजार’ म्हणतो तो बहुधा शेअर बाजार नसतोच. चांगल्या कंपनीचा समभाग घेऊन दहा वर्षे सांभाळणे ही गुंतवणूक होय. हा तरुण खेळतो ते फ्युचर्स आणि ऑप्शन्स. आपल्या मालाच्या किमतीतील चढउतारापासून व्यापाऱ्याला संरक्षण मिळावे म्हणून वायद्याचे व्यवहार जन्माला आले, आणि त्या कामासाठी ते आजही उपयुक्त आहेत. परंतु ज्याच्याकडे संरक्षण करण्याजोगा माल नाही, त्याने गुरुवारी निर्देशांक कोठे असेल यावर मंगळवारी पैसे लावणे याला वेगळे नाव आहे.

या खेळाचा निकाल बाजार नियामक ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये आकड्यांत मांडला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत हा व्यवहार करणाऱ्या १ कोटीहून अधिक सामान्य व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. तीन वर्षांचा एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर आहे. खर्च वजा जाता १ लाख रुपयांहून अधिक नफा मिळविणारे शंभरात एकच होते. २०२४-२५ या वर्षाचा आढावाही नंतर प्रसिद्ध झाला. त्या एका वर्षात ९१ टक्के व्यक्ती तोट्यात होत्या आणि तोटा १ लाख ५ हजार कोटींवर गेला होता.

आकड्यांहूनही अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे हरणाऱ्यांचे वय. या खेळात तिशीच्या आतील तरुणांचे प्रमाण २०२२-२३ मध्ये ३१ टक्के होते, ते एका वर्षात ४३ टक्के झाले. खेळणाऱ्यांपैकी सुमारे तीनचतुर्थांश लोकांचे घोषित वार्षिक उत्पन्न ५ लाख रुपयांच्या आत आहे. राज्यवार पाहता सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा असून तो पाचव्या हिश्शाहून अधिक आहे. घाम गाळून मिळविलेल्या पैशाची प्रतिष्ठा सांगणाऱ्या संतांच्या भूमीला हा मान मिरविण्याजोगा नाही.

मग हा पैसा जातो कोठे? २०२३-२४ मध्ये मोठ्या व्यापारी संस्थांनी स्वतःच्या भांडवलावर ३३ हजार कोटींचा आणि विदेशी गुंतवणूक संस्थांनी २८ हजार कोटींचा नफा मिळविला. यातील बहुतांश नफा संगणकाच्या आज्ञावलींनी केलेल्या सौद्यांतून आला. म्हणजे खोलीत बसलेल्या या तरुणासमोर पटावर दुसरा तरुण नाही. निमिषार्धात हजारो सौदे करणारे यंत्र आहे. शकुनीच्या फाशांबद्दल युधिष्ठिराला निदान संशय तरी होता. शिवाय डाव कोणीही जिंको, दलाली आणि शुल्क ज्याचे त्याला मिळतेच. तीन वर्षांत सामान्य व्यक्तींनी केवळ या खर्चापोटी सुमारे ५० हजार कोटी रुपये मोजले.

यावर उपाय म्हणून विद्या विकणारेही पुष्कळ निघाले. भाड्याची मोटार, नफ्याची छायाचित्रे आणि काही हजारांचा अभ्यासक्रम, असा त्यांचा संसार. नल आणि ऋतुपर्ण यांनी विद्येच्या बदल्यात विद्या दिली. एकाने घोड्यांचे मर्म सांगितले, दुसऱ्याने फाशांचे. येथे गुरूचे उत्पन्न विद्येतून नव्हे, शिष्यांकडून येते. जानेवारी २०२५ मध्ये सेबीने बाजाराचे शिक्षण देणाऱ्यांना गेल्या तीन महिन्यांतील भाव वापरण्यास मनाई केली. त्याआधी नोव्हेंबर २०२४ पासून सौद्याचा किमान आकार वाढविला आणि साप्ताहिक व्यवहारांवर मर्यादा आणली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. ज्या खेळांची जाहिरात नामवंत क्रिकेटपटू आणि नट वर्षानुवर्षे निःसंकोच करीत होते, त्यांना हा चाप उशिरा का होईना बसला. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु शासन खेळाचे नियम बदलू शकते. पटावरून उठण्याची बुद्धी त्याला कोणाला देता येत नाही.

आणि खरा प्रश्न त्या उठण्याचाच आहे. सभापर्वातील एका गोष्टीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. द्यूत दोनदा झाले. पहिल्या द्यूतात सर्वस्व गेल्यावर, द्रौपदीच्या तेजस्वी प्रश्नांनी सभा निरुत्तर झाल्यानंतर, धृतराष्ट्राने पांडवांना सारे काही परत दिले होते. ते इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागलेही होते. वाटेत पुन्हा बोलावणे आले आणि युधिष्ठिर मागे फिरला. बारा वर्षांचा वनवास आणि एक वर्षाचा अज्ञातवास त्या दुसऱ्या द्यूतातील एकाच डावाने दिला. पहिल्या वेळी तो फसला असे म्हणता येईल. दुसऱ्या वेळी तसे म्हणता येत नाही.

सेबीच्या अहवालातही हे अनुद्यूत आहे. सलग दोन वर्षे तोटा झालेल्यांपैकी तीनचतुर्थांशाहून अधिक लोक तिसऱ्या वर्षी पुन्हा पटावर बसले. याला केवळ लोभ म्हणणे सोपे आहे, पण ते पूर्ण सत्य नव्हे. पहिला तोटा हावेपोटी होतो, दुसरा बहुधा लाजेपोटी. गेलेले चाळीस हजार भरून निघाले की कोणालाच काही सांगावे लागणार नाही, या एकाच आशेने तरुण कर्ज काढतो. क्रेडिट कार्डावरील थकबाकीला दरमहा साडेतीन टक्के व्याज धरले, तर ५० हजार रुपये दोन वर्षांत १ लाख १४ हजार होतात. बेकायदा कर्जअ‍ॅपची तर कथाच निराळी. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये डिजिटल कर्जासाठी नियम केले, तरी नातलगांना व मित्रांना दूरध्वनी करून अब्रू काढणारे वसुलीवाले नाहीसे झालेले नाहीत. घरी सारे कळते ते अशा दूरध्वनीवरून. काही घरांत तर ते कळले तेव्हा मुलगाच उरला नव्हता.

तो घरी आधी का बोलत नाही? कारण पैशाविषयी बोलण्याची रीतच मध्यमवर्गीय मराठी घरात नाही. वडिलांचा पगार किती, घराच्या कर्जाचा हप्ता किती, आजीच्या शस्त्रक्रियेसाठी कोणती ठेव मोडली, यातले काही मुलाला ठाऊक नसते. मुलांना काळजी नको, हा त्यामागचा हेतू प्रेमाचाच असतो. परंतु ज्या घरात वडिलांनी आपली ओढाताण कधी सांगितली नाही, त्या घरात मुलगा आपली चूक कशी सांगणार? चार पुरुषार्थांत अर्थाला धर्माच्या खालोखाल स्थान देणाऱ्या समाजाने घरात मात्र अर्थाचा विषय अशिष्ट ठरवून टाकला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्त या बाबतीत अधिक मोकळे आहे. त्यात जुगाऱ्याची दुरावलेली पत्नी आहे, शोक करणारी आई आहे, रात्री ऋणाच्या भीतीने भटकणारा तो स्वतः आहे, आणि शेवटी फासे टाकून शेत नांगरण्याचा सल्लाही आहे.

नांगर म्हटला की लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवतात. मुंबईच्या तंत्रशिक्षण संस्थेत डावलले गेल्यामुळे ते नोकरी सोडून बेळगावला आले. तेथे सायकलींचे दुकान काढले आणि पुढे लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे तो विकला जाईना. औंधच्या संस्थानात १९१० साली किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला तेव्हा लक्ष्मणरावांनी चाळिशी ओलांडली होती. पंचविशीत श्रीमंत न झालेला माणूस वाया गेला, असे आज मोबाइलचा पडदा तरुणांना दिवसभर सांगत असतो. त्या मापाने किर्लोस्कर वायाच गेले होते.

संथपणाचेही एक गणित आहे आणि ते शाळेत चक्रवाढ व्याजाच्या धड्यात शिकविलेले असते. तेथे मात्र ते केवळ गुणांसाठी सोडविले जाते. सोयीसाठी वार्षिक आठ टक्के दर धरला आणि पंचविसाव्या वर्षापासून साठीपर्यंत दरमहा ३ हजार रुपये बाजूला टाकले, तर सुमारे ६९ लाख होतात. तेच पस्तिशीत सुरू केले तर साडेअठ्ठावीस लाखांच्या आसपास. प्रत्यक्ष भरलेल्या रकमेतील फरक अवघा ३ लाख ६० हजारांचा. हाती येणाऱ्या रकमेतील फरक ४० लाखांचा. हे गणित पस्तिशीनंतर बहुतेकांना समजते, आणि समजूनही गेलेली दहा वर्षे कोणी परत देत नाही.

अर्थात सारा दोष तरुणांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. स्पर्धा परीक्षांत पाच-सहा वर्षे घालवून रिकाम्या हाताने परतलेला, कंत्राटी नोकरीवर पंधरा हजारांत राबणारा, शेती करतो म्हणून लग्न जुळत नसलेला मुलगा झटपट पैशाकडे वळतो तेव्हा त्याला पुढचे दारच बंद दिसत असते. त्याला मिळणारी प्रतिष्ठाही आपण पगारावरच मोजतो. लग्नाच्या बैठकीत मुलाचे ‘पॅकेज’ विचारणाऱ्यांनी त्याच्या उतावळेपणावर टीका करावी, हे विनोदी आहे.

कुटुंबाला येथे पुष्कळ करता येण्याजोगे आहे आणि त्याला खर्च काहीच नाही. मुलगा अठरा वर्षांचा झाला की घरचा जमाखर्च त्याच्यासमोर महिन्यातून एकदा मांडला जावा. त्यात वडिलांनी स्वतः केलेल्या चुकाही असाव्यात. ज्या ठेवीत पैसे बुडाले, ज्या मित्राला जामीन राहून हप्ते भरावे लागले, त्या गोष्टी जेवणाच्या पानावर सांगितल्या जाव्यात. तरुणांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनीही वसतिगृहावर, खोलीवर गेल्यावर परीक्षेबरोबर पैशाची चौकशी करावी. अचानक उसने मागू लागलेला, सव्वानऊ ते साडेतीन कोणाचा फोन न घेणारा मुलगा ओळखू येतो. पन्नास हजारांचे कर्ज पहिल्या महिन्यात कळले तर घरातील एक मुदत ठेव मोडून फिटते. दोन वर्षांनी कळले तर जमिनीचा तुकडा जातो. ते ज्या दिवशी कळेल त्या दिवशी वडिलांनी आधी त्याच्याबरोबर बसून देण्याची यादी करावी, मोबाइलमधील ते खाते त्याच्याच हाताने बंद करवावे, आणि रागवायचेच असेल तर ते पुढच्या रविवारी रागवावे.