आकडा मोठा, पण आला कुठून?

मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला निवृत्त शिक्षक. डेटा सायन्सवर मी काय बोलणार, असे तुम्ही म्हणाल. पण सत्तरी ओलांडलेल्या माझ्यासारख्याच्या पोटात रोज चार-पाच गोळ्या जातात. त्या गुणकारी आहेत हे कुणी आणि कसे ठरवले, एवढे तरी मी विचारू शकतो ना?

औषध पारखायची जुनी रीत अशी: जणू चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट करायचे, एकाला औषध द्यायचे, दुसऱ्याला नाही, आणि मग तुलना करायची. हे काम वेळखाऊ आणि खर्चाचे. हल्ली काही लोक म्हणतात, एवढा खटाटोप कशाला? दवाखान्यांच्या संगणकांत लाखो रुग्णांच्या नोंदी आहेतच, त्या चाळल्या की झाले!

इथे मला १९३० सालची स्कॉटलंडमधल्या लॅनार्कशायरची गोष्ट आठवते. तिथे शाळेत दूध दिल्याने मुलांची वाढ होते का, हे पाहायला सुमारे वीस हजार मुले निवडली. निम्म्यांना दूध, निम्म्यांना नाही. गट असमान वाटले तर शिक्षकांना मुलांची अदलाबदल करायची मुभा होती. झाले असे की, दयाळू मास्तरांनी अशक्त, गरीब मुलांना दुधाच्या गटात सरकवले! दूध न मिळणारी मुले सुरुवातीलाच उंच आणि वजनदार निघाली. मग तुलना कसली? गॉसेट या संख्याशास्त्रज्ञाने पुढच्याच वर्षी लिहिले की, यापेक्षा एकसारख्या जुळ्यांच्या पन्नास जोड्या घेतल्या असत्या तर जास्त कळले असते. वीस हजारांपेक्षा शंभर मुले भारी!

दवाखान्याच्या नोंदींतही तेच होते. कुणाला कोणते औषध द्यायचे हे डॉक्टर रुग्णाकडे बघून ठरवतात. त्या मास्तरांची दया इथेही लपलेली असते, आणि आकडा वाढला म्हणून ती नाहीशी होत नाही.

आता २०२० सालचे पाहा. २२ मे रोजी ‘लॅन्सेट’ या नामांकित नियतकालिकात एक लेख आला. ६७१ रुग्णालये, ९६,०३२ रुग्ण! कोविडमध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन घेणाऱ्यांत मृत्यू जास्त, असा निष्कर्ष होता. जागतिक आरोग्य संघटनेने त्या गोळीची आपली चाचणी थांबवली. मग कुणीतरी पाहिले की लेखातल्या पाच ऑस्ट्रेलियन रुग्णालयांत ७३ मृत्यू दाखवले आहेत, आणि त्या तारखेपर्यंत अख्ख्या देशात नोंद होती ६७ मृत्यूंची. मूळ नोंदी तपासायला मागितल्या, त्या मिळाल्या नाहीत. ४ जूनला लेख मागे घेतला गेला.

दुसऱ्याच दिवशी ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने जाहीर केले की या गोळीचा उपयोग होत नाही. म्हणजे गोळी कामाची नाही हे दोन्हीकडून निघाले. पण नुसते उत्तर लिहून रीत न दाखवणाऱ्याला आम्ही शाळेत गुण देत नसू!

गंमत म्हणजे ‘रिकव्हरी’ने संगणक नाकारला नव्हता. चिठ्ठी संगणकानेच टाकली, आणि रुग्णाचे पुढे काय झाले हे शोधायला सरकारी आरोग्यसेवेच्या नोंदीही वापरल्या. त्याच जूनमध्ये त्यांनी दाखवले की डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त औषध व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना वाचवते: मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांवरून २९ वर आले.

नोंदींचा ढीग निरुपयोगी नाही. लाखात एखाद्यालाच होणारा दुष्परिणाम छोट्या चाचणीत सापडत नाही, तो ढिगातच सापडतो. ढीग शंका दाखवील, पण निकाल लावायला चिठ्ठीच हवी, आणि मूळ नोंदी तपासायला खुल्या हव्यात. संगणक हे काम सोपे करो, पण त्याला सुट्टी देऊ नये.

असो. पुढच्या वेळी कुणी ‘लाखो रुग्णांवर सिद्ध’ म्हणाले, तर एवढेच विचारा: गट कुणी पाडले? तुम्हाला काय वाटते, जरूर कळवा.