साखरेवर नाहक राग

आमच्या परिचयाच्या एका घरीं कर्करोगानें आजारी असलेल्या आजीबाईंचा चहा बिनसाखरेचा झाला. पुढें भातहि बंद झाला. ‘गांठ साखरेवर पोसते’ असें कोणीं तरी सांगितलें होतें. आजीबाई वाळत चालल्या, आणि घरची माणसें त्यालाच पथ्य समजलीं!

साखरेचा व कर्करोगाचा संबंध आहे खरा. पण तो चहाच्या पेल्यांतला नव्हे. शरीरांतील प्रत्येक पेशीच्या अंगावर निरनिराळ्या शर्करांच्या साखळ्यांची लव असते. तिच्या टोंकाशीं पुष्कळदा सायलिक आम्ल नांवाची शर्करा असते. पहारेकरी पांढर्‍या पेशींवर ती ओळखून धरणारीं ‘सिग्लेक’ नांवाचीं प्रथिनें असतात. त्यांपैकीं बहुतेकांचा इशारा एकच, ‘हा घरचा, हात आवर.’ हा लगाम नसता तर पहारेकरी घरच्यांवरच तुटून पडते. कर्करोगाच्या पुष्कळ पेशी हीच शर्करा अंगावर दाट चढवितात आणि घरच्या म्हणून सुटून जातात.

ह्या शर्करेच्या संशोधकांत डॉ. अजित वार्की अग्रगण्य आहेत. त्यांचें वैद्यकीय शिक्षण वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत झालें, हें मिशन शाळेंतील मास्तरास सांगावेंसें वाटलें तर वाचकांनीं क्षमा करावी.

पहारेकर्‍यांचे दुसरे कांहीं लगाम सैल करण्याचा मार्ग दाखविल्याबद्दल ॲलिसन व होंजो ह्यांस २०१८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्या औषधांनीं कित्येक रोगी वांचले, परंतु पुष्कळांस गुण आला नाहीं. म्हणून आतां सिग्लेककडे लक्ष वळलें आहे. २०१६ सालीं कॅरोलिन बर्टोझी व त्यांच्या सहकार्‍यांनीं कर्करोगाच्या पेशीस चिकटणार्‍या प्रतिपिंडाला शर्करा छाटणारें विकर जोडलें. शर्करा छाटली जातांच प्रयोगशाळेंत पहारेकरी पेशी त्या पेशींस अधिक मारूं लागल्या. हा उपाय अद्याप नित्याच्या उपचारांत आलेला नाहीं. उद्यांच येईल अशी आशा लावणेंहि बरें नव्हे.

परंतु एवढें निश्चित कीं, हें सोंग पेशी स्वतः घडविते. अन्न तोडलें तर शरीर आपलेंच मांस झिजवून रक्तांतील साखर राखतें. रोगी खंगतो, सोंग तसेंच राहतें. वैद्याच्या सल्ल्यावांचून रोग्याचें ताट काढून घेणें ह्यास आम्ही पथ्य म्हणत नाहीं, उपासमार म्हणतों.

आजीबाईंच्या मुलास हें सर्व पाटीवर काढून दाखविलें. “मग मास्तर, साखर घालूं ना?” त्यानें विचारलें. मीं त्यास डॉक्टरांकडे धाडलें. आजीबाईंस मधुमेह नव्हता. आतां पेल्यांत एक चमचा पडतो, आणि दुपारीं थोडा मऊ भातहि.