तहानलेल्या शहराची पाण्यातली सहल

उन्हाळी सुट्ट्या लागल्या, की छत्रपती संभाजीनगरातील मध्यमवर्गीय घरांत सहलीचा विषय निघतो आणि भिंतीवरचे कॅलेंडर खाली उतरते. लग्नतिथी आणि मुलांच्या शिबिरांच्या तारखांबरोबर त्यावर आणखी एक खूण पाहावी लागते, ती नळाला पाणी येण्याच्या दिवसाची. टाकी भरायला घरात कोणीतरी हवेच. त्यामुळे पाण्याची पाळी नसलेला रविवार निवडला जातो आणि त्या दिवशी पहाटे सारे कुटुंब गाडीत बसून निघते ते थेट पाण्यात डुंबायला. जवळचा पर्याय म्हणून शिर्डी, दोन दिवसांची सवड आणि खिशात थोडे अधिक पैसे असतील तर लोणावळा किंवा खोपोली.

या विसंगतीवर शहरात भरपूर विनोद होतात. विनोद बाजूला ठेवला तर मात्र प्रश्न गंभीर आहे. पाण्यासाठी आठवडा-आठवडा वाट पाहण्याची सवय झालेल्या शहराला पाण्याची मौज अनुभवण्यासाठी शंभर किलोमीटर वरच्या अंगाला, तेही तिकीट काढून, का जावे लागते?

काही दशकांपूर्वी या शहराची सहल नेमकी उलट दिशेला जात असे. औरंगाबादहून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरील पैठणला जायकवाडीचे धरण आहे. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी तत्कालीन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. एकूण १०२ टीएमसी साठवणक्षमतेच्या या नाथसागराच्या पायथ्याशी म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर संत ज्ञानेश्वर उद्यान उभारण्यात आले. नाथांच्या समाधीचे दर्शन, धरणाच्या भिंतीवरून अथांग पाण्याकडे पाहणे आणि संध्याकाळी उद्यानातील रंगीत कारंजी, असा तो एका दिवसाचा ठरलेला कार्यक्रम. एसटीने जाता येई, स्कूटरवरून जाता येई, शाळेची सहलही जाई. डबा घरचा असे आणि तो उद्यानाच्या हिरवळीवर उघडायला कोणाची हरकत नसे. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या किती तरी मराठवाडी माणसांच्या जुन्या अल्बममध्ये त्या कारंज्यांपुढे काढलेले एखादे छायाचित्र हमखास सापडेल.

हे उद्यान शासनाचे, म्हणजे पाटबंधारे खात्याचे होते आणि तिथेच त्याची अडचण होती. धरण बांधणे व कालवे चालविणे हे ज्या खात्याचे काम, त्याच्याकडे फुलझाडे आणि कारंजी हा शेवटचा विषय असणार, हे उघड आहे. ऑगस्ट २००६ मध्ये गोदावरीच्या महापुराने पैठण पाण्याखाली गेले आणि धरणाच्या खालच्या अंगाला असलेल्या या उद्यानालाही त्याचा फटका बसला. त्यानंतर डागडुजी, ठेकेदारी, निधीच्या घोषणा आणि पुन्हा दुर्लक्ष असा क्रम सुरू राहिला. कारंजी बंद पडली, हिरवळ वाळली आणि काही काळ तर दरवाजालाच कुलूप लागले. पर्यटक अन्यत्र वळले त्यात नवल काही नाही.

वळायला जागा तयार होतीच. मुंबईत गोराईला १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड सुरू झाले आणि दशकभराने त्याच्याशेजारी वॉटर किंगडम आले, तेव्हा मराठवाड्याच्या दृष्टीने ती मुंबई पाहायला गेल्यावर करण्याची गोष्ट होती. पुढे हा व्यवसाय महामार्गांच्या कडेने आत सरकला. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाले. संगमनेरच्या, म्हणजे ‘गाय छाप’ जर्द्याच्या, मालपाणी समूहाने शिर्डी आणि लोणावळा येथे ‘वेट अँड जॉय’ ही जलोद्याने चालविली आणि २०२२ मध्ये इमॅजिकाही ताब्यात घेतले. शिर्डीची निवड व्यावसायिक दृष्टीने अचूक म्हणावी लागेल. दर्शनाला येणारी गर्दी बारमाही असते. आजी-आजोबांना बाबांचे दर्शन, नातवंडांना घसरगुंड्या, एकाच फेरीत दोन्ही. कुटुंबातील कोणीही नाराज होत नाही, आणि गाडी विकत घेतल्याचे सार्थकही होते.

त्यात समृद्धी महामार्गाची भर पडली. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला आणि शहराच्या उशाशी सावंगी व माळीवाडा येथे चढण्या-उतरण्याची सोय झाली. वैजापूरमार्गे ट्रक आणि बैलगाड्यांमधून वाट काढण्यात जी सकाळ जात असे, ती तासा-दीड तासावर आली. वेळ वाचला हे निर्विवाद. तथापि ताशी १२० किलोमीटरची मुभा असलेल्या सरळसोट काँक्रीटच्या रस्त्याला वेगळी शिस्त लागते. टायरमधील हवा, त्यांचे वय, चालकाची झोप या गोष्टी गावातल्या रस्त्यावर खपून जातात, तेथे खपत नाहीत. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ खासगी बसच्या अपघातात २५ प्रवासी दगावले. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला वैजापूरजवळ सैलानी बाबांच्या दर्शनाहून परतणाऱ्या भाविकांची मिनीबस उभ्या ट्रकवर आदळून १२ जण मृत्युमुखी पडले. दोन्ही अपघात रात्री उशिरा झाले. जलोद्यानातून परतणारी गाडी रात्रीच परतते, दिवसभर पाण्यात खेळून दमलेल्या माणसाच्या हातात तिचे स्टिअरिंग असते आणि मागच्या आसनावर मुले झोपलेली असतात. सहलीच्या आखणीत हा परतीचा तास मोजला जात नाही.

या रस्त्याची दुसरी अट अधिक बोलकी आहे. समृद्धीवर दुचाकी आणि तीनचाकींना प्रवेश नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण त्यामुळे सहलीची नवी वाट कोणासाठी आहे, तेही स्पष्ट होते. मोटारीला सुरुवातीला किलोमीटरमागे १ रुपया ७३ पैसे पथकर होता, तो १ एप्रिल २०२५ पासून २ रुपये ६ पैसे झाला. त्यावर इंधन, माणशी तिकीट, पोहण्याच्या नायलॉनच्या कपड्यांचे भाडे आणि लॉकरची अनामत आली. बाहेरचे खाद्यपदार्थ सहसा आत नेऊ दिले जात नाहीत, म्हणून जेवणही तिथलेच. तिकिटावरील वस्तू व सेवा कर जानेवारी २०१८ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्यात आला खरा, परंतु चौघांच्या एका दिवसाचा खर्च अनेक घरांत महिनाभराच्या किराण्याशी स्पर्धा करतो. वाळूजच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या आणि मोटारसायकलवर बायको-मुलांना फिरविणाऱ्या कामगाराला पैठणची सहल जमत असे. ही जमत नाही.

आता मुख्य मुद्दा, पाण्याचा. दुष्काळात जलोद्यानांवर टीका करणे सोपे असते आणि ती होतेही. गणित मात्र नीट मांडले पाहिजे. या उद्यानांतील पाणी रोज फेकले जात नाही. गाळून, क्लोरीन मिसळून तेच फिरविले जाते. खरा तोटा होतो तो बाष्पीभवनाने, शिंतोड्यांनी आणि गाळणयंत्रे धुताना. एक एकर जलपृष्ठावरून कडक उन्हात दिवसाला १० मिलिमीटर पाणी उडाले असे धरले, तर तो हिशेब सुमारे ४० हजार लिटरचा, म्हणजे दहा हजार लिटरच्या चार टँकरचा होतो. टँकरच्या प्रतीक्षेत घागरींची रांग लावणाऱ्या वस्तीला हे पाणी लहान नाही. परंतु एक हेक्टर उसाला वर्षाकाठी दोन कोटी लिटरच्या घरात पाणी लागते आणि खुद्द जायकवाडीतून उन्हाळ्यात उडून जाणारे पाणी शहर उपसते त्याहून कितीतरी अधिक आहे. तेव्हा जलोद्यान बंद केल्याने शहराचे नळ वाहू लागतील, असे कोणी समजू नये.

प्रश्न आहे तो अग्रक्रमाचा. राज्याच्या २००३ च्या जलधोरणात पिण्याचे पाणी प्रथम, त्यानंतर उद्योग व वाणिज्य, मग शेती आणि त्याखाली पर्यावरण व करमणूक अशी उतरंड होती. २०११ मध्ये ती बदलून शेतीला उद्योगाच्या वर आणण्यात आले. तिकीट लावून चालणारे जलोद्यान यात कुठे बसवायचे? करमणूक म्हटले तर ते तळाला जाते, वाणिज्य म्हटले तर बरेच वर चढते. एरवी या शब्दाने फारसे बिघडत नाही. दुष्काळात याच शब्दावर सारे ठरते. २०१६ मध्ये ‘जलदूत’ रेल्वे मिरजेहून लातूरला पाणी नेत होती, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर हलविण्यास सांगितले आणि औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात आधी ५० व नंतर ६० टक्के कपात केली. दोन्ही वेळी कोणाला किती पाणी, हे न्यायालयाला ठरवावे लागले. आधी आखलेला नियम असता, तर क्रिकेट, बिअर आणि घसरगुंडी यांचा निवाडा भर उन्हात करण्याची वेळ आली नसती.

वरच्या आणि खालच्या पाण्याचा वाद तर जुनाच आहे. शिर्डी ज्या राहाता तालुक्यात येते, तो गोदावरीच्या उजव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातला. २०२३ च्या पावसाळ्यानंतर नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीत ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला, तेव्हा तिकडे विरोधाची आणि इकडे मागणीची आंदोलने पेटली. त्या वादातही शनिवार-रविवारी इकडच्या गाड्या तिकडच्या लाटांच्या तलावाकडे जातच होत्या. यात लोकांचा दोष काढण्यात अर्थ नाही. बेचाळीस अंशांच्या उन्हात मुलांना पाणी हवे असते आणि ते जिथे मिळेल तिथे आईवडील नेतात.

हे शहर पाण्याच्या मौजेला पारखे नव्हते, हेही नोंदविले पाहिजे. मलिक अंबरने सतराव्या शतकात नहरींचे जाळे घातले आणि पुढे पाणचक्कीच्या हौदात उंचावरून पडणारे पाणी पाहायला लोक जमू लागले. तिथले पाणी धान्य दळी, यात्रेकरूंची तहान भागवी आणि डोळ्यांनाही गारवा देई. उपयोग आणि आनंद यांची तिथे फारकत नव्हती.

अलीकडच्या काळात मात्र उपयोगाचेच पाणी गाठता गाठता दमछाक झाली. समांतर जलवाहिनीचा खासगी प्रयोग २०१४ मध्ये सुरू होऊन २०१६ मध्ये गुंडाळला गेला. १२ डिसेंबर २०२० रोजी १,६८० कोटींच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले, तिची किंमत पुढे २,७४० कोटींवर गेली आणि कामाच्या गतीवर खंडपीठाला लक्ष ठेवावे लागले. दरम्यान, २३ मे २०२२ रोजी पाण्यासाठी शहरात जलआक्रोश मोर्चाही निघाला. अशा स्थितीत महापालिकेकडे सार्वजनिक तरणतलाव वा कारंजी मागायला नागरिकालाच संकोच वाटतो. जिथे पिण्याचे पाणी मागावे लागते, तिथे खेळायचे कोण मागणार?

ज्ञानेश्वर उद्यानाच्या पुनरुज्जीवनाचे आराखडे या काळात अनेकदा जाहीर झाले. ते उद्यान नव्याने फुलवायचे असेल, तर तिथवर पोहोचणारा रस्ताही हवा. नव्या योजनेची अडीच हजार मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी नेमकी त्याच पैठण रस्त्याच्या कडेने टाकण्यात आली, त्याच वेळी रस्त्याच्या रुंदीकरणाचे काम निघाले आणि जागेवरून दोन्ही यंत्रणांत वाद झडले. नाथसागराकडे स्कूटरवरून निघणाऱ्या कुटुंबाला त्या वर्षांत वाटेत आधी लागत होते ते खोदकामाचे ढिगारे.